कर्नल बदलला आणि मशीन उठेचना (मिंट २१.३, ५.१५ वरून ६.८)

घाटावरची

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितेय, तेही फोनवरून, कारण मशीन बंद आहे.

घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २१.३ आहे. चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी. विंडोज ठेवलेलं नाही, मिंट एकटंच आहे. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ५.१५ चा होता. अपडेट मॅनेजरमधल्या कर्नलच्या खिडकीतून ६.८ टाकला. त्यानंतर मशीन बंदच केलं नव्हतं. आज सकाळी चालू केलं तर मिंटचा लोगोसुद्धा आला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा लोंढा, आणि शेवटी ही ओळ:

कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)

की-बोर्ड दाबून उपयोग नाही. बटण दाबून बंद करायचं, चालू करायचं, की पुन्हा तेच. आत एका दिवाळी अंकाची लावून झालेली पानं आहेत आणि ती या आठवड्यात छापखान्यात जायची आहेत. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला फोनवर फोटो दाखवला, तो म्हणाला डिस्क गेली, नवीन घ्या. खरंच गेली का?

चंबूगबाळे

विंडोज टाका, दिवाळी साजरी करा. (पळतो आता, टर्मिनलबुवा यायच्या आत.)

पाऊसपाणी

डिस्क गेली असेल असं वाटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर पुष्कळ जणांचं ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स) अडकलं होतं. 'शिम एसबॅट डेटा फेल्ड, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं काहीसं यायचं. सिक्युअर बूट बंद करून बघितलंत का?

टर्मिनलबुवा

पाऊसपाणी, तो प्रकार इथे नाही. शिम (सिक्युअर बूटचा दारवान) अडवतो तेव्हा ग्रबसुद्धा (कर्नल निवडून सुरू करणारा प्रोग्राम) येत नाही, मग कर्नल तर फारच लांब. इथे कर्नल चालू झालाय, बऱ्यापैकी पुढे गेलाय आणि मग बसलाय. शिवाय घाटावरचींकडे विंडोज नाहीच.

मशीन नेमकं कुठे थांबतं हे आधी बघायचं, निम्मं निदान तिथेच होतं. 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून थांबलं तर ग्रबला स्वतःच्याच फायली सापडत नाहीयेत. कंसात इनिटरामएफएस लिहिलेला प्रॉम्प्ट आला तर कर्नल आणि इनिटआरडी दोन्ही ठीक आहेत, पण रूट विभाजन (डिस्कचा सिस्टिम असलेला भाग) सापडत नाही किंवा फाइलसिस्टिम तपासून हवी आहे. तिथे एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारी आज्ञा) कामाला येतं. लोगो येऊन मग काळोख झाला तर बहुतेक ग्राफिक्सचा ड्रायव्हर, तिथे नोमोडसेट लावून बघायचं. आणि तुमच्यासारखा पॅनिक आला तर पहिला संशय इनिटआरडीवर.

कंसातले दोन आकडे बघा. पहिला उपकरणाच्या प्रकाराचा, दुसरा त्यातल्या विभाजनाचा. सॅटा डिस्कचा पहिला आकडा ८ असतो. (८,१) किंवा (८,२) आलं असतं तर डिस्क दिसली पण वाचता आली नाही असं म्हणता आलं असतं. (०,०) म्हणजे कर्नलला कुठलीच डिस्क ओळखू आलेली नाही. डिस्क मेली तरी असं होऊ शकतं, पण मेलेल्या डिस्कवरून ग्रबने कर्नल उचललाच नसता. त्याने उचललाय. तेव्हा नवी डिस्क आणायला कुणाला पाठवू नका, आणि मिंट पुन्हा टाकायला तर मुळीच बसू नका.

आता हे करा. मशीन चालू करून लगेच शिफ्ट दाबून धरा. बायॉस जुन्या पद्धतीचा असेल तर ग्रबचा मेनू येईल. यूईएफआय असेल तर शिफ्टऐवजी एस्केप. मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा, ५.१५ वाली ओळ निवडा. 'रिकव्हरी मोड' लिहिलेली नको, साधी.

घाटावरची

शिफ्टने काही झालं नाही. एस्केप भराभर दाबलं तर वेगळाच काळा पडदा आला. वर ग्रबची आवृत्ती, खाली 'ग्रब' आणि बाण, पुढे कर्सर लुकलुकतोय. हे 'ग्रब रेस्क्यू'च झालं की काय?

टर्मिनलबुवा

नाही. पुढे रेस्क्यू हा शब्द नाही ना? मग ठीक. एस्केप एकदा जास्त दाबलं गेलं की मेनूतूनही बाहेर पडून माणूस ग्रबच्या प्रॉम्प्टवर येतो. सगळ्यांचंच होतं. तिथे नॉर्मल असं टंका, एंटर करा, आणि लगेच एकदाच एस्केप दाबा.

आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय. टंकताना रोमन, सगळी लहान अक्षरं.

घाटावरची

आलं!! ५.१५ वर मिंट नेहमीसारखं उघडलं. पानं जागेवर आहेत. वायफायसुद्धा चालू आहे. आत्ता मशीनवरूनच लिहितेय. आधी सगळी पानं पेन ड्राइव्हवर काढून घेतली.

दुरुस्तीवाल्याला कळवते.

चंबूगबाळे

त्याला कळवू नका, नवी डिस्क आणून ठेवली असेल बिचाऱ्याने.

टर्मिनलबुवा

छान. पेन ड्राइव्हवर काढलीत हे सगळ्यात उत्तम. आता कारण शोधू. टर्मिनलमध्ये या तीन, आणि काय येतं ते इथे टाका:

यूनेम -आर
एलएस -एलएच /बूट
डीएफ -एच /बूट

पाऊसपाणी

माझा अंदाज सांगून ठेवतो, /बूट भरलेलं असणार. माझी डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, त्यामुळे इन्स्टॉलरने /बूटचं वेगळं छोटं विभाजन केलं होतं. दोन-तीन कर्नल साठले की ते तुडुंब. नवा कर्नल येतो, त्याची इनिटआरडी लिहिता लिहिता 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', आणि पुढच्या बूटला अगदी हीच ओळ. त्यात मजा अशी की एपीटी (पॅकेजेस बसवणारं साधन) अर्धवट लटकलेलं असतं, त्यामुळे ऑटोरिमूव्हही (नको असलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) चालत नाही. मी शेवटी एका जुन्या कर्नलची इनिटआरडी घरच्या फोल्डरमध्ये हलवली, तेवढ्या जागेत डीपीकेजीचं रखडलेलं काम पुरं केलं, मग ऑटोरिमूव्ह. फक्त यूनेम जो कर्नल दाखवतो त्याच्या फायलींना हात लावायचा नाही.

घाटावरची

यूनेम ५.१५ दाखवतंय.

/बूटमध्ये ५.१५ चे दोन कर्नल आहेत, दोघांच्याही व्हीएमलिनझ (कर्नलच्या फायली) आणि इनिटआरडी आहेत. ६.८ ची व्हीएमलिनझ आहे, पण इनिटआरडी नाही. दोनदा बघितलं, नाहीच.

डीएफमध्ये /बूट वेगळं दिसत नाही, मूळ विभाजनातच आहे असं वाटतं. ६० जीबीच्या वर मोकळे आहेत.

पाऊसपाणी

हरलो. जागा तर ढीगभर आहे.

टर्मिनलबुवा

अर्धं जिंकलात. इनिटआरडी नाही हे खरं निघालं, फक्त का नाही ते वेगळं आहे. घाटावरची, आता हे चालवा. काही मोडणार नाही, रखडलेली पॅकेजेस पुरी करायचा प्रयत्न करेल आणि जिथे अडेल तिथे ओरडेल. ते ओरडणं मला हवंय, सगळंच्या सगळं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

नवशिक्या_कोथरूड

मध्येच विचारतो, राग नसावा. इनिटआरडी इनिटआरडी चाललंय ते नेमकं काय? कर्नल आहे, डिस्क आहे, मग मध्ये हे तिसरं कशाला?

टर्मिनलबुवा

राग कसला, धागा त्यासाठीच असतो.

कर्नलची फाइल १०-१५ एमबीची. जगातल्या प्रत्येक डिस्क कंट्रोलरचे ड्रायव्हर त्यात कोंबले तर ती अवाढव्य होईल, म्हणून उबुंटू-मिंटवाले बरेचसे ड्रायव्हर वेगळी मॉड्यूल्स करून ठेवतात. ती मॉड्यूल्स असतात कुठे? डिस्कवर, /लिब/मॉड्यूल्समध्ये. आणि डिस्क वाचायची तर आधी मॉड्यूल हवं. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली, असा मामला. म्हणून ग्रब कर्नलबरोबर आणखी एक फाइल रॅममध्ये आणून ठेवतो, तीच इनिटआरडी. तिच्यात गरजेपुरती मॉड्यूल्स आणि एक चिमुकली लिनक्स असते. ती डिस्क जागी करते, रूट शोधते, कारभार खऱ्या सिस्टिमच्या हाती देते आणि बाजूला होते.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ग्रब कर्नलला सहसा सांगतो की रूट अमुक यूयूआयडीचं (ओळख क्रमांकाचं) आहे. हा यूयूआयडी फाइलसिस्टिमवर लिहिलेला असतो आणि नुसत्या कर्नलला तो वाचून डिस्क शोधता येत नाही. विभाजनाचा पार्टयूयूआयडी दिला तर त्याला कळतं. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी ओळखायचं काम इनिटआरडीतला यूडेव्ह करतो. त्यामुळे रूट यूयूआयडीने सांगितलं असेल तर डिस्कचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधलेला असला, तरीही इनिटआरडीशिवाय (०,०) च येतं. एन्क्रिप्शन किंवा एलव्हीएम असेल तर विचारायलाच नको, पासवर्डसुद्धा तीच विचारते.

दूरदेशी

नेदरलँड्सहून हजेरी. मी आर्चवाला (आर्च लिनक्स). आमच्याकडे याच्याच उलट होतं. /बूट हे ईएसपीचं (यूईएफआय ज्यातून बूट करतं ते) विभाजन, आणि ते माउंट न करता पॅकमॅनने (आर्चचं पॅकेज बसवणारं साधन) कर्नल अपडेट केला की नवी फाइल मूळ डिस्कवरच्या रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये जाते, ईएसपीवर जुनीच राहते. पुढच्या वेळी बूट होतो जुना कर्नल, पण त्याची मॉड्यूल्स पॅकमॅनने अपडेटच्या वेळीच पुसलेली असतात. मग 'अननोन फाइलसिस्टिम टाइप व्हीफॅट' म्हणून /बूट माउंट होत नाही आणि इमर्जन्सी मोड. तेव्हा लाइव्ह यूएसबी, दोन्ही विभाजनं माउंट, आर्च-क्रूट, कर्नलचं पॅकेज पुन्हा.

तुमच्याकडे जुना कर्नल मेनूत राहतो ही केवढी चैन आहे, तुम्हाला कल्पना नाही.

चंबूगबाळे

दूरदेशी, आर्च वापरता हे दुसऱ्या वाक्यापर्यंत सांगायचं थांबलात, याबद्दल तुमचा सत्कार व्हायला हवा.

घाटावरची

हे आलं. लांब आहे म्हणून कामाच्या ओळी टाकतेय:

बिल्डिंग इनिशियल मॉड्यूल फॉर ६.८.०...
एरर! बॅड रिटर्न स्टेटस फॉर मॉड्यूल बिल्ड ऑन कर्नल: ६.८.०... कन्सल्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/आरटीएल८८२१सीयू/५.४.१/बिल्ड/मेक.लॉग
एरर! वन ऑर मोअर मॉड्यूल्स फेल्ड टू इन्स्टॉल ड्युरिंग ऑटोइन्स्टॉल.
रन-पार्ट्स: /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी/डीकेएमएस एक्झिटेड विथ रिटर्न कोड ११

आणि मग दोन-तीन पॅकेजेस 'नॉट कॉन्फिगर्ड' म्हणून यादी. कर्नल टाकला त्या वेळीही शेवटी असंच काहीतरी लाल अक्षरांत आलं होतं.

टर्मिनलबुवा

सापडला. शेवटून पहिली ओळ.

तुम्ही कधीतरी यूएसबीचं वायफाय डोंगल घेतलंय, ८८२१सीयू चिपचं. त्याचा ड्रायव्हर गिटहबवरून आणून टाकलाय. बरोबर?

घाटावरची

बरोबर. राउटर बाहेरच्या खोलीत आणि केबल ओढायला घरमालक भिंत फोडू देईना. एका व्हिडिओत बघून टाकला होता. पण वायफायचा आणि मशीन न उठण्याचा काय संबंध?

टर्मिनलबुवा

संबंध रांगेचा आहे.

कर्नलचं पॅकेज बसलं की /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट एकामागून एक चालतात, रोमन अक्षरांच्या क्रमाने. तुमच्या मशीनवर एलएस करून बघा. डीकेएमएस आधी, कारण डी. मग इनिटरामएफएस-टूल्स, कारण आय. सगळ्यात शेवटी झेडझेड-अपडेट-ग्रब. त्याच्या नावाला मुद्दाम झेडझेड लावलंय ते शेवटी चालावं म्हणूनच. आणि यातली एक स्क्रिप्ट पडली की पुढच्या चालतच नाहीत.

डीकेएमएसचं काम असं: बाहेरून आणलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने कंपाइल करायचा. तुमचा ड्रायव्हर ५.१५ वर झाला, ६.८ वर झाला नाही. डीकेएमएस ११ म्हणून बाहेर पडलं आणि रांग तिथेच तुटली. इनिटआरडी बनवायची पाळीच आली नाही.

इथे एक गोष्ट जुळत नाही. ग्रबची स्क्रिप्टही चालली नसणार, मग मेनूत ६.८ आला कसा? ६.८ टाकल्यावर आणखी काही केलंत का? ग्रबचं अपडेट, एखादा जुना कर्नल काढणं, असं काही?

घाटावरची

हो, दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीतून सगळ्यात जुना ५.१५ काढला.

टर्मिनलबुवा

जुळलं. कर्नल काढतानाही ग्रबची यादी नव्याने लिहिली जाते. त्या फेरीत ग्रबने /बूटमध्ये ६.८ ची व्हीएमलिनझ बघितली आणि सगळ्यात नवा म्हणून पहिल्या नंबरला बसवली. जोडीला इनिटआरडी नाही, तर त्याशिवायच नोंद केली. ग्रब यावर तक्रार करत नाही. माझ्या मते करायला हवी.

रानमेवा

अरे देवा. मी एका कॉलेजची लॅब बघते. मागच्या सत्रात एका मशीनवर अगदी हीच ओळ होती आणि आम्ही सरळ पुन्हा मिंट टाकलं. त्यावर आभासी मशीनच्या सॉफ्टवेअरचं मॉड्यूल होतं, तेही डीकेएमएसमधूनच.

पण एक कळलं नाही. ड्रायव्हर ५.१५ वर चालतो आणि ६.८ वर कंपाइलही होत नाही, असं का? सी तर तीच आहे.

टर्मिनलबुवा

सी तीच, पण कर्नलची आतली फंक्शनं तीच राहतील असं वचन कुणीच दिलेलं नाही. बाहेरच्या प्रोग्रामसाठी कर्नल जुना करार जपतो, आतल्या ड्रायव्हरसाठी नाही. एखाद्या फंक्शनची मांडणी बदलली की बदलणाराच कर्नलच्या झाडातल्या सगळ्या ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती करतो. बाहेर गिटहबवर ठेवलेल्या कोडकडे तो बघत नाही, ते ज्याने ठेवलंय त्याने बघायचं. आणि त्याने हात काढून घेतला असेल तर संपलं.

५.१५ ऑक्टोबर २०२१ चा, ६.८ मार्च २०२४ चा. मधल्या काळात वायफाय ७ ची तयारी झाली. सीएफजी८०२११ (कर्नलचा वायफायचा भाग) मधल्या पुष्कळ फंक्शनांना लिंक आयडी नावाचा जादा आर्ग्युमेंट आला तो ६.० च्या आसपास. मेक.लॉग उघडलात तर 'टू फ्यू आर्ग्युमेंट्स टू फंक्शन' किंवा 'इन्कम्पॅटिबल पॉइंटर टाइप' अशा ओळी दिसतील, पैज लावतो.

घाटावरची

उघडला. 'इन्कम्पॅटिबल पॉइंटर टाइप' भरपूर आहेत. पैज जिंकलात. पण आता करायचं काय?

टर्मिनलबुवा

दोन वाटा आहेत.

एक: ५.१५ वरच राहायचं. ६.८ ची इमेज, हेडर्स आणि मॉड्यूल्स पर्ज करायची (पुरती काढून टाकायची), ग्रब आपोआप नीट होईल, वायफाय आहे तसं चालेल. मिंट २१ चा मूळ कर्नल ५.१५ च आहे आणि त्याला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. चौथ्या पिढीच्या आय-५ ला ६.८ मधून फार काही मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

दोन: ६.८ वर जायचं आणि गिटहबचा ड्रायव्हर काढून टाकायचा. कारण ६.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून, आरटीडब्ल्यू८८ या कर्नलच्याच ड्रायव्हरमध्ये यूएसबीवरच्या ८८२१सीयूची सोय आलीय. बाहेरचा ड्रायव्हर लागतच नाही. फक्त मग ५.१५ वर परत आलात तर तिथे वायफाय नसेल, तेवढं लक्षात ठेवा.

पाऊसपाणी

माझं मत पहिल्या वाटेला. अंक छापखान्यात जायचाय, कशाला हात घालायचा?

दूरदेशी

माझं दुसऱ्या. बाहेरचा ड्रायव्हर राहिला तर पुढच्या मोठ्या उडीला हाच धागा पुन्हा निघेल.

घाटावरची

दोघांचंही ऐकते. आधी पानं जाऊ देत, तोपर्यंत ५.१५. मग दुसरी वाट. तोवर दर वेळी एस्केपची कसरत टाळता येईल का?

टर्मिनलबुवा

येईल. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल सुडोने उघडा. ग्रब_टाइमआउट_स्टाइलपुढे हिडन असेल तर मेनू करा, ग्रब_टाइमआउटपुढे १०. जतन करून सुडो अपडेट-ग्रब. आता दर वेळी दहा सेकंद मेनू दिसेल, त्यातून ५.१५ निवडायचा. हे मी प्रत्येकाला करायला सांगतो, अडचण असो-नसो. मेनू लपवून जे काही सेकंद वाचतात त्यांचं कुणी लोणचं घातल्याचं ऐकिवात नाही.

तोपर्यंत नवीन काही इन्स्टॉल करू नका. दर वेळी एपीटी त्याच अर्धवट पॅकेजवर येऊन अडेल.

नवशिक्या_कोथरूड

वाखुसा (वाचनखूण साठवली).

घाटावरची

पानं गेली. आता दुसऱ्या वाटेला लागते. पायऱ्या सांगा.

टर्मिनलबुवा

फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू ठेवा, मध्येच वायफाय गेलं तर नेट असू दे. मग क्रमाने:

डीकेएमएस स्टेटस
(इथे मॉड्यूलचं नाव आणि आवृत्ती दिसेल. पुढच्या ओळीत तेच जसंच्या तसं. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक इथे चालत नाही, त्यामुळे मघाचा लहान अक्षरांचा नियम या नावापुरता विसरा.)

सुडो डीकेएमएस रिमूव्ह आरटीएल८८२१सीयू/५.४.१ --ऑल
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

शेवटच्या आज्ञेत या वेळी 'जनरेटिंग /बूट/इनिटआरडी...' आणि खाली ग्रबची यादी दिसली पाहिजे. दिसली नाही तर सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के आणि पुढे ६.८ चं पूर्ण नाव. इथे -यू नाही चालणार, ते असलेली फाइल ताजी करतं. तुमच्याकडे मुळात नाहीच, म्हणून -सी. मग अपडेट-ग्रब.

रीबूट करायच्या आधी एलएसने ६.८ ची इनिटआरडी डोळ्यांनी बघा.

घाटावरची

इनिटआरडी तयार झाली, बघितली. ६.८ वर मशीन उठलं! यूनेम ६.८ दाखवतंय.

पण वायफाय नाही. एलएसयूएसबीमध्ये डोंगल दिसतंय, वर नेटवर्कच्या यादीत वायफायच नाही. टेदरिंगवर आहे.

दूरदेशी

फर्मवेअर? डीमेसजीमध्ये (कर्नलच्या नोंदींत) आरटीडब्ल्यूच्या ओळी शोधा.

घाटावरची

शोधलं, आरटीडब्ल्यूची एकही ओळ नाही.

टर्मिनलबुवा

फर्मवेअर नसतं तर तशी तक्रार तरी दिसली असती. एकही ओळ नाही म्हणजे मॉड्यूल लोडच होत नाहीये, कुणीतरी दारात अडवलंय. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये ८८२१ नावाची एखादी .कॉन्फ फाइल आहे का बघा. असले ड्रायव्हर टाकणाऱ्या स्क्रिप्ट जाता जाता कर्नलच्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करतात, दोघे एकाच डोंगलवर भांडू नयेत म्हणून. ड्रायव्हर डीकेएमएसमधून काढला तरी ती फाइल मागे राहते.

घाटावरची

आहे! आत 'ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू' अशी ओळ.

फाइल घरच्या फोल्डरमध्ये हलवली, रीबूट केलं. वायफाय आलं. एलएसमॉडमध्ये आरटीडब्ल्यू८८ ची चार-पाच नावं दिसतायत. वेग आधीइतकाच वाटतोय, मोजला नाही. टर्मिनलबुवा, सांगलीला आलात तर भडंग माझ्याकडून.

टर्मिनलबुवा

भडंगाची नोंद घेतली. ५.१५ चा एक कर्नल राहू द्या, दोन्ही काढू नका. वायफाय नसेल, पण मशीन तरी उठेल.

पाऊसपाणी

लाइव्ह यूएसबीवरून दुरुस्ती करायची पाळी आलेल्यांसाठी एक भर घालतो, मला ही महागात पडली होती. एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडताना मॅपरला क्रिप्टटॅबमध्ये जे नाव आहे तेच द्यायचं. वाटेल ते नाव देऊन उघडलं तरी डिस्क उघडते, क्रूटही होतं, पण अपडेट-इनिटरामएफएसला जोडी लागत नाही. ते एक इशारा देतं, तो वर सरकून जातो, आणि तयार झालेली इनिटआरडी पासवर्ड विचारतच नाही. आणि क्रूट करायच्या आधी /डेव्ह, /प्रॉक, /सिस, /रन चारही बाइंड करायचे, वेगळं /बूट असेल तर तेही माउंट करायचं.

रानमेवा

प्रश्न: लॅबमध्ये सगळी मशीन एकाच प्रकारची नाहीत. विद्यार्थी शनिवारी बंद करून जातात, सोमवारी कळतं. रीबूटच्या आधीच कुठलं मशीन अडकणार हे कळायचं काही साधन?

टर्मिनलबुवा

प्रत्येक मशीनवर एसएसएचने जा आणि डीपीकेजी --ऑडिट चालवा. सगळं ठीक असेल तर काहीच छापत नाही. काही छापलं तर ते पॅकेज अर्धवट लटकलंय, त्याची यादी आणि कारण दोन्ही येतं. जोडीला /बूटमध्ये जितक्या व्हीएमलिनझ तितक्याच इनिटआरडी आहेत का तेवढं मोजा. या दोन्हींत पास झालेलं मशीन तरीही अडकू शकतं, पण या कारणाने नाही.

ज्यावर डीकेएमएस स्टेटस रिकामं येतं ती मशीन शेवटी तपासलीत तरी चालेल.

रानमेवा

चालवलं. एका मशीनवर ६.८ च्या इमेजचं आणि हेडर्सचं, दोन्ही पॅकेजेस अर्धवट, आणि डीकेएमएसमध्ये एक जुनं वायफाय मॉड्यूल. त्याला केबल जोडलेली आहे, वायफाय कुणी वापरतच नाही. ते काढून कॉन्फिगर पुरं केलं, इनिटआरडी आली. बाकीची मशीन गप्प आहेत.